दोन्ही हात मोकळे

सिस्टरचा फोन आला तेव्हा बोलकी पलंगाच्या कडेला बसून, प्लास्टरमध्ये फूटपट्टी सरकवून पाय खाजवत होती.

"तुम्ही मुलगी का त्यांची? शेजारणीने तुमचा नंबर दिला. तुमच्या आईला सकाळीच ॲडमिट केलंय. पोटात भयंकर दुखतंय. डॉक्टर म्हणतात, पोट उघडून बघावं लागेल. पण त्या कुणाला हात लावू देत नाहीत. सलाईनची सुई दोनदा उपटून टाकली."

"आईला ऐकू येत नाही हो. बोलताही येत नाही."

"ते कळलं. लिहून दाखवलं तर मान फिरवतात."

"शाळेत नाही गेली ती. सहीपुरती अक्षरं येतात."

"मग तुम्ही या ना इकडे!"

बोलकीने आपल्या मांडीपर्यंतच्या प्लास्टरकडे पाहिलं. आई दुसऱ्या गावात, दिवसभराच्या प्रवासावर. आणि इथे तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरायलाच दोन माणसं लागत होती.

आईबाबा दोघंही जन्मापासून बहिरे. त्यांच्या खुणा कुठल्या शाळेतल्या नव्हत्या. संसार करता करता दोघांनी स्वतःच घडवलेल्या. भात, दूध, भाडं, ताप, लबाड, जावई, प्रत्येकाची खूण त्या घरातली. जगात ती भाषा चौघांनाच येत होती. त्यातले बाबा गेल्या हिवाळ्यात गेले. दादा जहाजावर इंजिनियर, आणि जहाज भर समुद्रात. त्याचा फोन कधी लागेल याचा नेम नाही. दादालाही ऐकू यायचं, पण तो जात्याच घुमा. म्हणून त्या मुक्या घरातली बडबड करणारी ती बोलकी, असं गल्लीने नाव पाडलं आणि ते चिकटलं. आज त्या भाषेतलं हाताशी असलेलं एकच माणूस उरलं होतं, आणि ते पाय मोडून पलंगावर बसलं होतं.

"व्हिडिओ कॉल करते," ती म्हणाली. "मी दिसले की शांत होईल ती."

पण बोलकी जिन्यावरून पडली तेव्हा फोनही तिच्याबरोबर पडला होता. त्याच्या पुढच्या कॅमेऱ्याच्या काचेचा चुरा झाला होता. त्यात सगळं दुधासारखं पांढरं दिसायचं. चार्जिंगची खाचही वाकडी झाली होती. वायर एका बाजूला दाबून धरली तरच चार्ज व्हायचा. पाय बरा झाला की नवीन घेऊ, म्हणून तिने तसाच ठेवला होता.

तिने फोन उलटा करून डब्याला टेकवला. मागचा कॅमेरा चांगला होता. आता आईला ती दिसणार होती, पण तिला आई दिसणार नव्हती. तिने हात हलवले: मी आहे. घाबरू नको. काय होतंय?

"हं, ओळखलं त्यांनी!" पलीकडून सिस्टरचा आवाज आला. "आता भराभर हात हलवतायत."

"काय करतेय? मला नीट सांगा. एकेक सांगा."

"अहो काय सांगू... ओठावर दोन बोटं ठेवून बाजूला ओढतात. मग मध्ये काहीतरी करतात, ते इतकं झरझर करतात की सांगता येत नाही. मग स्वतःकडे बोट. मग असं, हात झटकून नको नको. परत तेच."

ओठावरून दोन बोटं म्हणजे मिशा. मिशा म्हणजे बाबा.

बाबा. मी. नको.

बाबा गेल्यापासून आई जेवणात लक्ष देत नव्हती, हे शेजारणीने सांगितलं होतं. आता ती डॉक्टरांना सांगत होती, मला नका वाचवू, मला त्यांच्याकडे जाऊ द्या. याहून दुसरा अर्थ बोलकीला लागेना. तिने फोन वळवून पडद्यात पाहिलं, तर लेक दिसेनाशी होताच आईने हात आखडून मान फिरवली. मग तिने कपाटातला हातआरसा काढला, फोनच्या समोर धरून त्यात पडदा दिसतो का पाहिलं. नखाएवढी आई, उलटी, खिडकीच्या उजेडात बुडालेली. हात कुठे, तोंड कुठे कळेना. त्यांच्या भाषेत अर्धं वाक्य भुवयांत असायचं.

मग डॉक्टरांनी फोन घेतला. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. "पोट कडक होत चाललंय. सकाळी कसंबसं घेतलेलं रक्त तपासणीला पाठवलंय, पण रिपोर्टची वाट बघत बसायची चैन मला नाही. तुम्ही फोनवर संमती द्या. त्यांना भूल देऊन आम्ही पुढचं करतो."

"जबरदस्तीने?"

"जीव वाचवायचा असेल तर."

"थोडा वेळ द्या डॉक्टर. मी लॅपटॉपवरून बघते. एकदा तिला विचारते. थोडाच वेळ."

"थोडाच," डॉक्टर म्हणाले.

तिने आधी माणसं शोधली. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक घेऊन गेलेला. घरमालकीण खालच्या मजल्याला कुलूप लावून बहिणीकडे गेलेली. मधल्या मजल्यावरचे दोघं कामावर. खिडकीतून तिने हाका मारल्या, तर रस्त्यावरच्या एका माणसाने वर बघून हात हलवला आणि गाडीला किक मारून निघून गेला. मग ज्या चष्म्याच्या दुकानात ती काचा घासून फ्रेममध्ये बसवायची, तिथल्या मालकांना फोन केला. "निघालोच," ते म्हणाले, "पण शहराच्या या टोकाहून त्या टोकाला यायचं म्हणजे गं..."

राहिला लॅपटॉप. जुना होता, गोगलगायीसारखा चालायचा. दादा मागच्या सुट्टीत त्याला आपल्या घरी घेऊन गेला आणि त्यात विंडोजच्या जागी लिनक्स घालून आणला. "फुकट आहे, हलकं आहे, आणखी दहा वर्षं चालेल. फक्त वायफायचं राहिलंय, ते पुढच्या सुट्टीत." तिला वायफाय लागतंय कशाला? ती पेनड्राइव्हवरचे सिनेमे बघायची, पत्ते खेळायची. लिनक्स म्हणजे काय, हे तिने विचारलंही नव्हतं.

लॅपटॉप सुरू झाला. वरच्या कोपऱ्यातल्या चिन्हावर तिने टिचकी मारली. वायफायचं नावच नव्हतं. सेटिंगमध्ये गेली, तर तिथे इंग्रजीत सरळ लिहिलेलं: वायफाय अडॅप्टर सापडला नाही.

"सापडला नाही म्हणजे काय? आत तर आहे ना मेल्या!" ती लॅपटॉपला म्हणाली.

फोनवर तिने शोधलं. जगभरातल्या लोकांनी हाच प्रश्न विचारला होता, आणि उत्तरं देणारे एकापेक्षा एक उंटावरचे शहाणे. एक म्हणे, हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडा आणि हे लिहा. दुसरा म्हणे, ते अजिबात लिहू नका. तिने काळी खिडकी उघडली. एकेक अक्षर फोनवरून बघून टाइप केलं. खिडकीने पासवर्ड मागितला. ती टाइप करू लागली, पण पडद्यावर एक ठिपकाही उमटेना. कीबोर्ड बिघडला! तिने बटणं बडवली, खिडकी बंद केली, परत उघडली, परत तेच. मग कुणीतरी लिहिलेलं वाचलं, की इथे पासवर्ड दिसतच नाही, न दिसता टाइप करायचा आणि एंटर दाबायचा. तिला रडू आलं. एवढं साधं सांगायला यांच्या तोंडाला काय झालं होतं?

खिडकीत इंग्रजी ओळींचा पाऊस पडला. त्यात एका ओळीत वायफायच्या कार्डाचं नाव होतं. म्हणजे कार्ड होतं, पण त्याला चालवणारा ड्रायव्हर नव्हता. उपाय काय? इंटरनेटवरून ड्रायव्हर उतरवून घ्या.

वा! लग्न झाल्याशिवाय वेड जाईना आणि वेड गेल्याशिवाय लग्न होईना, तशातली गत.

इंटरनेट कंपनीच्या मदत केंद्रात तिने फोन लावला. बऱ्याच गाण्यांनंतर एक मुलगी आली. "मॅडम, विंडोज आहे का?" "लिनक्स आहे." "त्याला आमचा सपोर्ट नाही, मॅडम. आणखी काही मदत करू शकते का?"

"नको गं बाई. तुझं चालू दे."

तेवढ्यात वहिनीचा फोन आला. दादाची बायको तिसऱ्याच गावात नोकरी करायची. निरोप कळताच ती बसमध्ये बसली होती, पण संध्याकाळशिवाय पोचणार नव्हती. नणंद-भावजयीचं फारसं जमायचं नाही. वहिनी लग्न होऊन आली त्याला इतकी वर्षं झाली, आणि सासूशी बोलायला तिला येत होत्या दोनच खुणा, जेवलात का आणि बरं आहे. बोलकीच्या मनात त्याचा सल होता.

"अहो वन्सं, काय झालं? लागला का व्हिडिओ?"

बोलकीने सांगितलं. सांगता सांगता आवाज चिरकला.

"थांबा, थांबा," वहिनी म्हणाली. "ह्यांनी तेव्हा माझा फोन घेतला होता आणि चार्जरच्या वायरने लॅपटॉपला जोडला होता. फोनचं नेट लॅपटॉपमध्ये येतं म्हणे तसं. माझं महिन्याचं सगळं नेट एका दुपारी संपवलं, म्हणून तर मी भांडले. फोनमध्ये जिथे हॉटस्पॉट असतं ना, त्याच्या खाली बघा. यूएसबी असं काहीतरी."

बोलकीने वायर खुपसली. काही नाही. अंगठ्याने डावीकडे दाबून धरली, आणि फोन थरथरला. हॉटस्पॉटच्या खाली खरंच ते बटण होतं. ते दाबलं, आणि लॅपटॉपच्या कोपऱ्यातलं चिन्ह बदललं.

"वहिनी! आलं!"

"आलं ना? बघा..." आणि बस घाटात शिरली, आवाज तुटला.

एका हाताचा अंगठा वायरीवर, दुसऱ्या हाताचं एक बोट कीबोर्डवर. ड्रायव्हर उतरवायची खिडकी तिला सापडली. रेघ मुंगीच्या पावलांनी सरकायला लागली. दोनदा अंगठा घसरला, दोनदा पहिल्यापासून. शेवटी रेघ भरली. लॅपटॉपने एक नवा पासवर्ड ठरवायला सांगितला, कशासाठी ते तिने वाचलं नाही. तिने काहीतरी साधा टाकला. मग म्हणाला, रीस्टार्ट करा.

तिने केलं. आणि लॅपटॉपचा सगळा पडदा निळा झाला. वर इंग्रजीत काहीतरी, खाली चार ओळी, आणि सेकंद उलटे मोजत होते. तिची पाचावर धारण बसली. आपण काय मोडून ठेवलं? तिने जे पहिलं दिसलं ते दाबलं, कंटिन्यू. लॅपटॉप नेहमीसारखा सुरू झाला. तिने कोपऱ्यातल्या चिन्हावर टिचकी मारली.

वायफाय नव्हतंच.

सिस्टरचा फोन आला. "डॉक्टर विचारतायत हो. त्यांचा रंग उतरलाय."

"कॉलची लिंक पाठवा," बोलकी म्हणाली. "मी वायरवरूनच करते."

लिंक फोनवर आली. ती लांबलचक अक्षरं तिने एका बोटाने लॅपटॉपमध्ये टाकली, दुसरा अंगठा वायरीवर दाबून. पडदा काळा, मग राखाडी, मग अचानक समोर आई.

आई केवढीशी झाली होती! उशीवर केस विखुरलेले, ओठ कोरडे. तिला लेक दिसली आणि तिचे डोळे मोठे झाले. तिने हात वर केला, दोन बोटं ओठावर नेली.

आणि बोलकीने नकळत आपले दोन्ही हात उचलले. समोरून हाक आल्यावर माणूस ओ देतं, तसे. जन्मल्यापासून आईला तिने दोन्ही हातांनीच ओ दिली होती.

अंगठा सुटला. वायर खाचेतून लोंबली. पडद्यावर आई ओठावर बोटं ठेवून थिजली.

बोलकीने वायर परत खुपसली, दाबली, पिळली. आत काहीतरी कट्कन मोडलं. मग कशीही दाबली तरी फोन थरथरला नाही. चार्जही होईना. बॅटरीचं चिन्ह लाल झालं होतं.

आईने तिला पाहिलं होतं, आणि मग ती गायब झाली होती. आईला काय वाटलं असेल? लेक आली, तोंड दाखवलं आणि निघून गेली. आता भूल देणारे लोक येतील, तिचे हात धरतील. हात धरणं म्हणजे आईचं तोंड दाबणं, हे त्यांना कोण सांगणार? आणि ती जर खरंच जाऊ द्या म्हणत असेल, तर आपण कोण तिला अडवणार? नाही अडवलं, तर आपण कसली मुलगी? डॉक्टरांना हो म्हणून टाकावं आणि हे संपवावं, असं तिच्या मनात आलं. तिने सिस्टरचा नंबर काढलाही.

पण तिने तो लावला नाही. फोनची धुगधुगी होती तोवर तिने निळा पडदा हा शब्द शोधला. कुणीतरी लिहिलं होतं, बहुधा तिच्यासारख्याच रडकुंडीला आलेल्या माणसाने, कारण त्याने सगळं सावकाश, पायरीपायरीने लिहिलं होतं. निळा पडदा म्हणजे बिघाड नव्हे. लॅपटॉपला नवा ड्रायव्हर ओळखीचा नसतो. हा आपलाच आहे, आत घे, असं त्याला तुम्ही स्वतः सांगायचं असतं. घाबरून कंटिन्यू दाबलंत तर ड्रायव्हर दाराबाहेरच राहतो. मी तीनदा दाबलं होतं. अशी एक ओळ लिहा, इंटरनेट लागत नाही, परत पासवर्ड ठरवा, रीस्टार्ट करा, आणि यावेळी दुसरी ओळ निवडा, एनरोल.

तिने ती ओळ लिहिली. एक अक्षर चुकलं, खिडकी गुरगुरली. परत लिहिली, पासवर्ड तोच साधा ठेवला. रीस्टार्ट. निळा पडदा आला. तिने दुसरी ओळ निवडली. एनरोल. मग पुढे. मग हो. मग मघाचा साधा पासवर्ड, न दिसता.

लॅपटॉप उठला. कोपऱ्यातल्या चिन्हावर टिचकी मारली, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वायफायची नावं एकाखाली एक ओळीने उभी राहिली. तिसरं तिचं होतं.

लिंक परत टाइप करताना तिला अक्षरं धड दिसत नव्हती. पडद्यावर आधी छत आलं, मग सिस्टरचा चेहरा, त्यांच्यामागे हिरव्या कपड्यातली दोन माणसं. "आई!" बोलकी ओरडली, उगाचच. सिस्टरने फोन फिरवला.

बोलकीचे दोन्ही हात मोकळे होते. ती म्हणाली: आले. गेले नव्हते. वायर मोडली. सांग.

आई रागावली. दुखत असूनही आधी रागावली, भुवया जवळ आणून: तू कुठे पळतेस? मग तिने ओठावर दोन बोटं ओढली. बाबा. मग ते मधलं, झरझर, जे सिस्टरला सांगता आलं नव्हतं: तळहातावरून चिमटीने काहीतरी उचललं, जिभेवर ठेवलं, मान मागे. गोळी. मग छातीवर मूठ, उघडली, मिटली, उघडली. काळीज. मग स्वतःकडे बोट. मीही. रोज. मग पोटावर हात, आणि नको नको, आणि दंडावर सुई टोचल्याची खूण करून पुन्हा नको.

बोलकीने विचारलं: बाबांच्या काळजाच्या गोळ्या? तू खातेस?

आईने मान डोलावली. उरल्या होत्या. काळीज धडधडायचं. त्यांना बरं वाटायचं ना? तिचा चेहरा लहान मुलासारखा झाला. दात घासताना रक्त येतं. अंगावर निळे डाग. कापू नका म्हणावं. थांबत नाही रक्त. कुणाला कळतच नाही!

"डॉक्टर!" बोलकी आता तोंडाने ओरडली. "ती माझ्या वडिलांच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतेय. रोज. कापू नका म्हणतेय. रक्त थांबत नाही म्हणतेय!"

हिरव्या कपड्यातला एक माणूस वळला आणि झपाझप पलंगाशी आला. आईच्या दंडावरची बाही त्याने वर केली. दंडभर निळे डाग होते. मघाशी फोनवर ऐकलेल्या डॉक्टरांच्या आवाजात तो सिस्टरला म्हणाला, "लॅबला फोन लावा, रिपोर्ट आत्ताच्या आत्ता. आणि स्कॅन करू आधी. थिएटर थांबवा." मग पडद्याकडे बघून, "त्यांना सांगा, कापत नाही. पण सुई लावू द्या, औषध त्यातूनच जाणार."

बोलकीने सांगितलं. आईने डॉक्टरांकडे बघितलं, परत लेकीकडे बघितलं. मग मुकाट्याने हात पुढे केला.

जायचं नव्हतं तिला. मरायचंही नव्हतं. ती सकाळपासून जिवाच्या आकांताने जगायचं म्हणत होती. बोलकी तोंडावर ओढणी दाबून रडली, कॅमेऱ्याच्या बाहेर वाकून, म्हणजे आईला दिसू नये.

रक्तस्राव पोटाच्या भिंतीतल्या स्नायूत झाला होता. बाहेरून बघणाऱ्याला आतडं फुटल्यासारखं वाटावं, असा. सुईतून औषध गेलं, रक्ताच्या पिशव्या चढल्या. हे पोट भूल देऊन उघडलं असतं तर, एवढं म्हणून डॉक्टरांनी वाक्य सोडून दिलं. आईला बरेच दिवस तिथे राहावं लागलं, आणि पुढेही चालताना ती कमरेवर हात ठेवायची.

मालक पोचले तेव्हा घाम पुसत, आपला फोन पुढे करत आत आले. "हा घे, घे. लागला का?"

"लागला, मालक."

"अरे वा. मग मी पाणी पितो," म्हणून ते खुर्चीत बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

संध्याकाळी वहिनी दवाखान्यात पोचली. तिने आपला फोन आईच्या पलंगाजवळच्या तांब्याला टेकवला आणि बोलकीला आई दाखवली. आई झोपली होती. श्वास संथ होता. चादरीवर पडलेली बोटं मधूनच हलत होती, झोपेत पुटपुटणाऱ्या माणसाच्या ओठांसारखी.

"काय म्हणतायत हो त्या?" वहिनीने हळूच विचारलं.

"काही नाही. असंच. स्वप्नातलं."

वहिनीने आईची चादर सारखी केली.

"वन्सं, त्या गोळीच्या खुणेचं सिस्टर सांगत होत्या, ती कशी? मला दाखवा."

बोलकीने दाखवली. वहिनीने चिमूट चुकीची धरली, मग बरोबर धरली.

"फोन चालूच ठेवू का? माझं नेट संपेल हो."

"संपू दे," बोलकी म्हणाली. "मी भरते."